मुदतीच्या तापाची वंशावळ

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

काही आजारांना आपल्याकडं फार नेमकी नावं पडली आहेत. टायफॉइडचं पुस्तकातलं मराठी नाव विषमज्वर. पण घराघरांत तो ओळखला गेला मुदतीचा ताप म्हणून. आमच्या घरात दखनी बोलली जायची, तिथं त्याला मियादी बुखार म्हणत. मुदत काय आणि मियाद काय, दोन्ही शब्द मूळचे अरबी आणि दोन्हींचा अर्थ ठरलेला काळ. हा ताप आला की एकवीस दिवसांचा करार करूनच यायचा. पहिल्या आठवड्यात पायरी-पायरीनं चढायचा, दुसऱ्या आठवड्यात ठाण मांडायचा आणि तिसऱ्या आठवड्यात एक तर उतरायचा, नाहीतर आतड्याला भोक पाडून माणसाला घेऊन जायचा. घरच्यांच्या हाती पेज, गार पाण्याच्या पट्ट्या आणि वाट पाहणं एवढंच असे.

१९४८ साली क्लोरॅम्फेनिकॉल हे औषध टायफॉइडवर लागू पडतं असं दिसलं आणि एकवीस दिवसांचा करार मोडला. पुढच्या पिढ्यांना तर मुदतीचा ताप हा शब्दही परका झाला. आठवडाभराच्या गोळ्या, फार तर चार इंजेक्शनं, आणि मूल पुन्हा शाळेत. आज या विषयावर बोलायचं कारण असं, की ही सोय कायमची नाही. आता मुदत भरत आली आहे ती औषधांची. ती कशी, हे ज्या शहरात फार बारकाईनं तपासलं गेलं ते शहर म्हणजे आपलं नवी मुंबई. मी विज्ञानाचा माणूस नाही. बी. ए.पर्यंत शिकलेला, कविता लिहिणारा आहे. पण या अभ्यासात जंतूंना अक्षरशः वाचलं गेलं आहे, आणि वाचनाचा विषय निघाला की आमच्यासारख्यालाही थोडं बोलता येतं.

आधी या जंतूचं घराणं पाहू. साल्मोनेला हे त्याचं आडनाव. १८८५ साली अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ या संशोधकानं या घराण्यातला एक जंतू डुकरांमध्ये शोधला. नाव मात्र लागलं त्याच्या वरिष्ठांचं, डॅनियल साल्मन यांचं. कचेरीतले साहेब तेव्हाही तसेच होते. या घराण्यात आज अडीच हजारांहून अधिक प्रकार मोजले गेले आहेत. त्यातले बहुतेक प्राण्यांच्या आतड्यात सुखानं राहतात. कोंबड्या, गुरं, डुकरं आणि विशेषतः सरपटणारे प्राणी : पाली, सरडे, साप, कासवं.

मत्स्यपेट्यांच्या दुकानात हिरवं, कानाजवळ लाल पट्टा असलेलं छोटं कासव तुम्ही पाहिलं असेल. हे मूळचं अमेरिकेतलं. पोरं हट्ट करतात आणि आईबाप घेऊन देतात. त्याच्या पोटात साल्मोनेला असला तरी कासव आजारी पडत नाही. ते ज्या पाण्यात पोहतं त्या पाण्यात मात्र जंतू उतरतात, तिथून पोराच्या बोटांवर आणि बोटांवरून तोंडात. अमेरिकेनं १९७५ साली चार इंचांपेक्षा लहान कवचाच्या कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. चारच इंच का, तर त्याहून मोठं कासव लहान मूल तोंडात घालू शकत नाही! आता तिथं एखाद्या मुलाला हगवण लागली, तर मुलाच्या शरीरातला जंतू आणि कासवाच्या टाकीतला जंतू यांची जनुकीय अक्षरं शेजारी ठेवून पाहतात. जुळली तर वाट सापडली. ब्रिटनमध्ये अशाच वाचनातून माग थेट पाळीव सापांना खाऊ घालायच्या गोठवलेल्या उंदरांपर्यंत गेला. घरात कासव असेल तर त्याला हात लावल्यावर साबणानं हात धुवावेत आणि त्याची टाकी स्वयंपाकघराच्या मोरीत विसळू नये, एवढं या निमित्तानं सांगून ठेवतो. आपल्याकडचं तारा कासव तर पाळूच नये. वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे.

टायफॉइडचा जंतू, साल्मोनेला टायफी, याच घराण्यातला. पण भावंडांपेक्षा अगदी वेगळा. तो ना कासवात राहतो, ना कोंबडीत. तो फक्त माणसात राहतो. २००१ साली ब्रिटनमधल्या सँगर केंद्राच्या शास्त्रज्ञांनी व्हिएतनाममधल्या एका रुग्णाकडून मिळालेल्या टायफीची संपूर्ण जनुकीय संहिता वाचून प्रसिद्ध केली. सुमारे ४८ लाख अक्षरांची ही संहिता. त्यात एक मजेची गोष्ट आढळली. दोनशेहून अधिक जनुकं मोडून पडलेली होती. शब्द होते, पण अर्थ लागत नव्हता. इतर प्राण्यांच्या आतड्यात राहायला लागणारी साधनं या जंतूनं वापरणंच सोडलं असावं, असा त्याचा अर्थ लावला जातो. ज्या घरी पुन्हा जायचंच नाही त्या घराच्या किल्ल्या गंजून जाव्यात, तसं हे झालं.

याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. टायफॉइडचा दोष दुसऱ्या कुठल्या प्राण्यावर टाकता येत नाही. टायफॉइड झालेल्या प्रत्येकाच्या पोटात गेलेला जंतू कुणा दुसऱ्या माणसाच्या पोटातून बाहेर पडलेला असतो. विष्ठेतून पाण्यात, पाण्यातून पेल्यात, किंवा हातावरून अन्नात. आणि तो दुसरा माणूस आजारी असेलच असंही नाही. शंभर रुग्णांतले एक ते पाच जण बरे झाल्यावरही जंतू बाळगून राहतात. पित्ताशय ही त्या जंतूची लपायची जागा. न्यूयॉर्कची स्वयंपाकीण मेरी मॅलन अशीच होती. स्वतः ठणठणीत, पण ती जिथं स्वयंपाक करी त्या घरांत टायफॉइड निघे. १९०७ साली तिला पकडून बेटावरच्या रुग्णालयात ठेवलं. मधली काही वर्षं सोडली तर १९३८ साली मरेपर्यंत ती तिथंच होती. बिचारीला आपण काय गुन्हा केला हे अखेरपर्यंत पटलं नाही.

आता वाचनाकडं वळू. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार झाली. १९१९ साली सुरू झालेलं हे काम १९६६ साली पुरं झालं. देशभरातून हजाराहून अधिक हस्तलिखितं तपासली गेली. पोथ्या हातानं उतरवल्या जात. उतरवणाऱ्याकडून कुठं एक अक्षर चुके, कुठं एक ओळ गळे. मग ती चुकीची पोथी पाहून जो पुढची नक्कल करी, त्याच्या पोथीत ती चूक तशीच उतरे. म्हणून दोन पोथ्यांत एकाच जागी एकच चूक आढळली, तर त्या एकाच मूळ पोथीच्या लेकी असण्याचा संभव मोठा. चुका जुळवत जुळवत पोथ्यांची वंशावळ मांडता येते. चूक ही इथं नुसती चूक नसते, ती खूण असते.

जंतूंचं तंतोतंत असंच आहे. प्रत्येक जंतू दुभंगतो तेव्हा आपल्या ४८ लाख अक्षरांची नक्कल करतो. अक्षरं चारच : ए, टी, जी आणि सी. टायफी मोठा काळजीपूर्वक लिहिणारा आहे. त्याच्या एका वंशात टिकून राहणारी चूक साधारण दोन वर्षांत एखादीच होते. त्यामुळं दोन रुग्णांच्या जंतूंत दोन-तीनच अक्षरांचा फरक असेल, तर त्यांचं नातं अगदी अलीकडचं. शंभर अक्षरांचा फरक असेल, तर त्यांच्या वाटा फार पूर्वी वेगळ्या झालेल्या. चुका ठरावीक गतीनं होत असल्यानं त्या मोजून एखादं कुळ कधी फुटलं याचा अंदाजही काढता येतो. रुग्णाच्या रक्तातला जंतू आधी प्रयोगशाळेत वाढवायचा, त्यातला डीएनए वेगळा करायचा, यंत्रानं त्याचे छोटे छोटे तुकडे वाचायचे आणि संगणकानं ते एकमेकांवर बसवून सलग संहिता लावायची. एका पुस्तकाच्या शंभर प्रती फाडून टाकाव्यात आणि तुकड्यांवरून पुस्तक पुन्हा जुळवावं, तसं हे काम.

नवी मुंबईत हे काम कसं आलं ते पाहू. २०१८ च्या मार्चमध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं टायफॉइडच्या नव्या संयुग्मित लसीची शिफारस जाहीर केली. ही लस आपल्याच देशात, हैदराबादच्या भारत बायोटेकमध्ये तयार झालेली. जुन्या लसी दोन वर्षांखालच्या बाळांना उपयोगी नव्हत्या. ही नवव्या महिन्यातही देता येते. त्याच वर्षी नवी मुंबई महानगरपालिकेनं ती शहरातल्या ९ महिने ते १४ वर्षं वयाच्या सगळ्या मुलांना देण्याची मोहीम हाती घेतली. अशी मुलं सुमारे ३ लाख २० हजार. सरकारी यंत्रणेनं ही लस मोहीम काढून देण्याची जगातली ही पहिलीच वेळ. मोहिमेचे दोन टप्पे ठरले. नागरी आरोग्य केंद्रांच्या हद्दींनुसार शहराचे भाग पाडले, आणि कुठल्या भागाला आधी व कुठल्या भागाला नंतर हे कुणाच्या शिफारशीवर न ठेवता सोडतीसारख्या पद्धतीनं ठरवलं. पहिला टप्पा १४ जुलै ते २५ ऑगस्ट २०१८ या काळात पार पडला.

एका भागात लस आधी आणि दुसऱ्या भागात नंतर, यामुळं तुलना करायची संधी मिळाली. शहरातल्या सहा रुग्णालयांत तीन दिवस किंवा अधिक ताप असलेल्या मुलांची रक्तसंवर्धन चाचणी होऊ लागली. रक्त घेऊन त्यातला जंतू वाढवून पाहायची ही चाचणी. आपल्याकडं टायफॉइड म्हटलं की विडाल चाचणीचा कागद पुढं येतो. ती १८९६ सालची, आणि ती जंतू दाखवत नाही, जंतूविरुद्ध शरीरात तयार झालेली द्रव्यं दाखवते. ती द्रव्यं जुन्या तापाचीही असू शकतात. रक्तसंवर्धनातही सगळे रुग्ण सापडत नाहीत. दहांपैकी पाच-सहा सापडतात. पण सापडला तर जंतू हाती लागतो, आणि कुठल्या औषधानं तो मरतो हेही कळतं. शिवाय त्याची संहिता वाचता येते.

अशा देखरेखीतून जमा झालेल्या १७४ टायफी आणि ५४ पॅराटायफी जंतूंची संपूर्ण संहिता वाचली गेली. पॅराटायफी हा त्याचा धाकटा भाऊ. त्याचाही ताप तसाच असतो, पण टायफॉइडची लस त्याच्यावर चालत नाही. या कामात महानगरपालिका, जागतिक आरोग्य संघटना, अमेरिकेचं रोगनियंत्रण केंद्र, स्टॅनफर्ड विद्यापीठ, आणि नवी मुंबईतले बालरोगतज्ज्ञ यांचा सहभाग होता. २०२३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांतले तीन मला सामान्य माणसाच्या दृष्टीनं महत्त्वाचे वाटतात.

पहिला निष्कर्ष कुळांविषयी. शहरात टायफीची मुख्यतः दोन कुळं फिरत होती. शास्त्रज्ञांनी त्यांना आकड्यांची नावं दिली आहेत : एक २.२ आणि दुसरं ४.३.१, ज्याला एच-५८ असंही म्हणतात. पहिलं कुळ २००७ च्या सुमारास एकदाच शहरात आलं आणि इथंच वाढलं. त्याचे सगळे वंशज एकमेकांचे जवळचे नातेवाईक. दुसरं एच-५८ मात्र पुन्हा पुन्हा बाहेरून आलं. नवी मुंबई हे शहरच असं आहे. कुणी एकदा येऊन फ्लॅट घेऊन स्थिरावतो, कुणी हंगामाला येतो नि जातो. सातारचे, बिहारचे, केरळचे, सगळे इथलेच. माणसं प्रवास करतात तसे त्यांच्या पोटातले जंतूही करतात. त्यात येणाऱ्या माणसाचा दोष नाही. प्रश्न असतो तो आलेल्या जंतूला इथं वाट कशी मिळते हा.

दुसरा निष्कर्ष औषधांविषयी. इथं जरा मागं जावं लागेल. क्लोरॅम्फेनिकॉलला दाद न देणाऱ्या टायफॉइडची मोठी साथ आपल्या देशात १९७२ साली केरळच्या कालिकतला आली. पुढं इतर दोन जुनी औषधंही लागू पडेनात. मग सिप्रोफ्लॉक्सासिन आलं. गोळीच्या रूपात, स्वस्त आणि जालीम. पुढची दहा-पंधरा वर्षं आपण ते चुरमुऱ्यांसारखं खाल्लं. सर्दी झाली, घ्या सिप्रो. पोट बिघडलं, घ्या सिप्रो. चिठ्ठीशिवाय मिळे, आणि बरं वाटलं की उरलेल्या गोळ्या डब्यात जात.

उर्दू लिपीत एक गंमत आहे. खुदा या शब्दातल्या पहिल्या अक्षराच्या वर एक टिंब असतं. तेच टिंब खाली दिलं की शब्द होतो जुदा, म्हणजे वेगळा, दुरावलेला. जुन्या उर्दू छापखान्यांत कातिब हातानं मजकूर लिहीत, तेव्हा एका टिंबाच्या घोळानं काय काय अनर्थ होत याचे किस्से आमच्याकडं खूप आहेत. जंतूचंही तसंच. त्याच्या ४८ लाख अक्षरांत एका ठरावीक जागी एक अक्षर बदललं, की सिप्रोफ्लॉक्सासिन अर्धं निकामी होतं. अशी तीन अक्षरं बदलली की ते जवळजवळ निरुपयोगी ठरतं. नवी मुंबईतल्या बहुतेक जंतूंवर या गटातली औषधं नीट चालत नव्हती, आणि जवळजवळ वीस टक्क्यांत असे तीन किंवा अधिक बदल सापडले. एकाच बदलाचे जंतू आणि तीन बदलांचे जंतू शेजारी ठेवून पाहिले की आपण खाल्लेल्या गोळ्यांचा जमाखर्च त्यांत लिहिलेला दिसतो. गोळ्यांनी कच्चे जंतू मारले, आणि ज्यांच्याकडं चुकून ते अक्षर बदललेलं होतं ते उरले.

टिंब बदलण्याखेरीज आणखी एक रीत आहे. एका पोथीतलं आख्खं पान दुसरीत चिकटवावं, तशी. प्लाझ्मिड नावाचा डीएनएचा छोटा गोल तुकडा एका जातीच्या जंतूकडून दुसऱ्या जातीच्या जंतूकडं जाऊ शकतो. त्यावर औषध पचवायची कृती लिहिलेली असते. नवी मुंबईतल्या दोन एच-५८ जंतूंमध्ये असं उसनं पान सापडलं. त्यामुळं सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन हे इंजेक्शन त्यांच्यावर चालत नव्हतं. सिप्रो हरल्यावर रुग्णालयांत याच इंजेक्शनावर भिस्त असते. दोनच जंतू, म्हणून दुर्लक्ष करावं का? शेजारच्या पाकिस्तानात काय झालं ते पाहा. सिंधमधल्या हैदराबाद शहरात २०१६ साली असाच एक जंतू उपटला. त्याचं उसनं पान ई. कोलाय या आतड्यातल्या नेहमीच्या जंतूकडून आलं असावं असं संहितेवरून दिसलं. थोड्याच वर्षांत तो तिथं हजारोंना झाला. त्याच्यावर चालणारी तोंडानं घ्यायची एकच मुख्य गोळी उरली, अ‍ॅझिथ्रोमायसिन. नाहीतर मग महागडी शिरेतली इंजेक्शनं. पाकिस्ताननं २०१९ साली टायफॉइडची लस नियमित लसीकरणात आणली. असं करणारा तो जगातला पहिला देश. आणि अ‍ॅझिथ्रोमायसिनही अभेद्य नाही. एका अक्षराच्या बदलानं तेही चकवणारे टायफी बांगलादेशात सापडल्याचं २०१९ साली प्रसिद्ध झालं.

नवी मुंबईच्या संहितांवरून आणखी एक गोष्ट दिसली. भारतातले सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनला न जुमानणारे जंतू एकाच पूर्वजाचे वंशज नाहीत. ते वेगवेगळ्या वेळी, स्वतंत्रपणे तयार झाले असावेत. म्हणजे एक दार लावून भागणार नाही. जिथं जिथं औषधाचा मारा होईल, तिथं तिथं नवं दार उघडू शकतं.

तिसरा निष्कर्ष मला सगळ्यांत बोलका वाटतो, आणि तो अंतराविषयी आहे. शास्त्रज्ञांनी रुग्णांच्या घरांमधलं अंतर आणि त्यांच्या जंतूंमधलं नातं यांची सांगड घातली. घरं जितकी जवळ, तितका त्यांचे जंतू एकाच घोळक्यातले असण्याचा संभव अधिक. पाच किलोमीटरच्या आत, दर किलोमीटर अंतरामागं हा संभव साधारण एक तृतीयांशानं घटत जातो. पाच किलोमीटरच्या पलीकडं मात्र अंतराचा काही परिणाम दिसत नाही.

पाच किलोमीटर म्हणजे आपल्याकडं दोन-तीन रेल्वे स्टेशनं. शहराला मोरबे धरणाचं स्वतःचं पाणी आहे, त्याचं कौतुकही होतं. जंतू जर पाण्याच्या उगमापाशीच मिसळत असता, तर त्याचं एकच कुळ शहरभर सारखं विखुरलेलं दिसायला हवं होतं. इथं चित्र वेगळं आहे. जंतू शहरात बाहेरून येतो आणि मग आळीत, वस्तीत, बाजारात, शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडं जातो. तो वाटेतच कुठंतरी मिसळतो. गटाराशेजारून गेलेल्या फुटक्या जोडणीत असेल, न धुतलेल्या टाकीत असेल, गाडीवरच्या बर्फात किंवा चटणीत असेल, हात न धुता मळलेल्या कणकेत असेल. हा अभ्यास कुठल्या एका नळावर बोट ठेवत नाही. पण शोधायचं कुठं, ते सांगतो. धरणापाशी नाही, घराच्या आसपास.

माझ्या ओळखीतल्या एका वस्तीत पाणी दिवसातून थोडाच वेळ येतं. बायका पिंप भरून ठेवतात. नळाला पाणी नसतं तेव्हा रिकाम्या नळीत बाहेरचा ओलावा शिरतो, आणि पाणी आलं की पहिल्या धारेत तो घरात येतो. तिथल्या एका आजी पहिली बादली कधीच पिण्याला घेत नाहीत, फरशी पुसायला घेतात. कुठल्या नियतकालिकात वाचून त्यांनी हे ठरवलेलं नाही. पण त्या जे करतात त्यात मोठं शहाणपण आहे.

आता लसीचं काय झालं ते सांगायला हवं. १ सप्टेंबर २०१८ ते ३१ मार्च २०२१ या काळात रक्तसंवर्धनात टायफॉइड सापडलेली ८१ मुलं, आणि ताप असूनही टायफॉइड न सापडलेली त्याच वयाची २३८ मुलं, यांची तुलना केली गेली. जिथं लस आधी दिली गेली त्या भागांत टायफॉइडचं प्रमाण ५६ टक्क्यांनी कमी भरलं. आकडेशास्त्राच्या हिशेबानं हा आकडा २५ ते ७४ टक्के यांच्या दरम्यान कुठंही असू शकतो, हेही त्यांनी प्रामाणिकपणं लिहिलं आहे. पहिल्या वर्षी परिणाम आणखी ठळक होता. त्या भागांतल्या सगळ्याच मुलांनी लस घेतली नव्हती, हे लक्षात घेतलं तर ही कमाई लहान नाही. जिथं दहा मुलं तापानं फणफणली असती, तिथं चार-पाच. आणि ताप टळला की त्यासाठी लागणारी औषधंही टळली. जंतूला नवं अक्षर गिरवायची तेवढी संधी कमी झाली. लस औषधांचं आयुष्य वाढवते ते असं.

पण ५६ म्हणजे १०० नव्हे. लस दिलेल्या भागांत जंतूंचे घोळके थोडे कमी जुळताना दिसले, तरी तो फरक ठामपणे सांगण्याइतका मोठा नव्हता. संशोधकांनी शेवटी जे म्हटलं ते असं, की लसीबरोबर पाणी आणि सांडपाणी यांची स्थानिक दुरुस्ती झाल्याशिवाय ही साखळी तुटणार नाही. लंडन आणि न्यूयॉर्कमधून टायफॉइड हटला तो मुख्यतः गाळलेलं, क्लोरिन घातलेलं पाणी आणि वेगळी गटारं यांमुळं, प्रतिजैविकं येण्याच्या कितीतरी आधी. आपण उलटा प्रवास केला. गोळ्या आधी आल्या आणि त्यांच्या जोरावर पाइप राहून गेले.

मग आपण काय करावं? मुलांना लस द्यावी. बालरोगतज्ज्ञांची संघटना कित्येक वर्षं तसं सांगते आहे. ताप तीन दिवसांवर गेला तर डॉक्टरांना विचारावं, रक्तसंवर्धन करायचं का? आणि ते पहिली गोळी पोटात जाण्याआधी, कारण गोळीनंतर जंतू हाती लागणं कठीण. औषध चालू केलं तर डॉक्टरांनी सांगितलेले सगळे दिवस घ्यावं. शेजारणीला लागू पडलं म्हणून तिची उरलेली पट्टी घेऊ नये. पाणी उकळावं. संडासहून आल्यावर आणि स्वयंपाकाआधी साबणानं हात धुवावेत. सोसायटीची टाकी साफ झाली का, हे वार्षिक सभेत रंगकामाच्या आधी विचारावं. आणि ज्या वस्तीत सोसायटी नाही, सभा नाही, तिथल्या पाइपाविषयी ज्यांच्या घरी शुद्धीकरणाचं यंत्र आहे त्यांनीही महापालिकेला विचारावं. ते परोपकार म्हणून नव्हे. त्या वस्तीतली बाई तुमच्या घरी पोळ्या करते, तिथला मुलगा तुमच्या कचेरीत चहा आणतो, आणि पाच किलोमीटरच्या आत आपण सगळे एकमेकांचे शेजारी आहोत.

आपल्या धर्मग्रंथांत शेजाऱ्याच्या हक्काविषयी पुष्कळ सांगितलेलं आहे. इस्लाममध्ये तर शेजारधर्माला फार वरचं स्थान आहे, आणि वारकऱ्यांच्या शिकवणीतही भेद न मानता एकमेकांना सांभाळणं आहेच. १७४ जंतूंच्या संहितांत शास्त्रज्ञांना जे सापडलं ते याहून फार निराळं नाही. या जंतूला माणसाशिवाय दुसरं घर नाही. तो टिकून आहे तो एका माणसाची घाण दुसऱ्याच्या पेल्यापर्यंत पोचते म्हणून. तेवढी एक वाट बंद केली, तर त्याला जायला कासवाचंही पोट नाही.